मे महिन्यात टिकेल तोच वेग

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर निर्मात्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवण्याच्या प्रकाराला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि असा वेग वाढवलेला संगणक मधूनच गोठू लागला, निळा पडदा दाखवून बंद पडू लागला किंवा काहीही न सांगता आपणहून पुन्हा सुरू होऊ लागला, की तो अस्थिर झाला असे समजतात. या अस्थिरतेमागे पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात आणि त्यांची लक्षणे बहुधा सारखीच दिसतात. त्यामुळे निदान न करता केवळ व्होल्टेज वाढवत जाणारा हौशी माणूस पुष्कळदा मूळ दोषाला स्पर्शही न करता प्रोसेसरचे आयुष्य मात्र कमी करून बसतो. त्यातही एक गोष्ट सर्रास विसरली जाते. एखादा वेग 'स्थिर' आहे हे विधान खोलीचे तापमान, हवेतील दमटपणा आणि भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज यांचा उल्लेख केल्याशिवाय पूर्ण होत नाही. परदेशी परीक्षणांतले आकडे साधारणपणे २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत मिळवलेले असतात आणि ते जसेच्या तसे दादरा आणि नगर हवेलीतील घरात उतरवणे म्हणजे अपयशाला आमंत्रण देणे होय.

या प्रदेशातील सिल्वासा हे शहर दमणगंगेच्या खोऱ्यात, वापी रेल्वेस्थानकापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. येथे मे महिन्यात दुपारचे तापमान ३५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस इतका पडतो की वर्षाची बेरीज २,००० मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि त्या महिन्यांत हवा सतत ओलसर राहते. सिंहांच्या सफारी उद्यानामुळे पर्यटकांना ठाऊक असलेले वासोणा, मधुबन धरणाकडे जाणारा रस्ता, खानवेलची वनराई हे या प्रदेशाचे एक रूप आहे. मसाट, आमली, पिपरिया आणि खडोली येथील कृत्रिम धाग्याचे, प्लास्टिकचे व इतर मालाचे कारखाने हे दुसरे. उष्णता, दमटपणा, धूळ आणि मोठ्या यंत्रांच्या शेजारी राहणारे विजेचे जाळे या चारही गोष्टी प्रोसेसरच्या स्थिरतेशी थेट निगडित असल्यामुळे, ओव्हरक्लॉकिंगचा विचार करण्यास हा प्रदेश एखाद्या वातानुकूलित प्रयोगशाळेपेक्षा अधिक उद्बोधक ठरतो.

वेग वाढवल्यावर प्रोसेसर चुकतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. प्रोसेसरमधील सर्व कामे एका ठरावीक ठेक्यावर चालतात. या ठेक्याला क्लॉक म्हणतात आणि तो सेकंदाला किती वेळा पडतो हे गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. आजच्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्ड साधारणतः १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठेका पुरवतो आणि प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो, म्हणजे गुणक ५० असेल तर वेग ५ गिगाहर्ट्झ होतो. या वेगाला दोन ठोक्यांमधील अंतर ०.२ नॅनोसेकंद इतके असते, आणि तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा निर्वात पोकळीत अवघा सहा सेंटिमीटर प्रवास करतो. तेवढ्याच अवधीत विजेच्या संकेताला ट्रान्झिस्टरांची एक संपूर्ण साखळी ओलांडून पुढच्या कप्प्यात स्थिरावायचे असते. संकेत वेळेत पोहोचला नाही तर तो कप्पा शून्याऐवजी एक किंवा एकाऐवजी शून्य टिपून घेतो, आणि ही एक चूक पत्त्यात झाली, आज्ञेत झाली की उत्तरात झाली यावर पुढचे सारे अवलंबून असते: संगणक कोसळतो, एखादाच प्रोग्राम बंद पडतो, किंवा चुकीचा आकडा बिनबोभाट फाइलमध्ये लिहिला जातो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर अधिक जलद पलटतात आणि संकेत वेळेत पोहोचू लागतो, पण व्होल्टेजबरोबर उष्णता वाढते. आणि ओव्हरक्लॉकिंगमध्ये वापरल्या जाणाऱ्या वरच्या व्होल्टेजला उष्णतेमुळे तेच ट्रान्झिस्टर पुन्हा मंदावतात.

निर्मात्याने ठरवलेल्या वेगाच्या वर काही जागा शिल्लक राहते, याचे कारण निर्मितीच्या पद्धतीत आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर तयार झालेल्या शेकडो प्रोसेसरांत सूक्ष्म फरक असतात, म्हणून प्रत्येकाची चाचणी घेऊन त्यांची प्रतवारी केली जाते आणि प्रत्येक प्रतीला, तिच्यातील सर्वांत दुबळा नमुनाही वर्षानुवर्षे निभावून नेईल, असा वेग दिला जातो. पुण्यात १९५० साली जन्मलेल्या विनोद धाम यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते तो इंटेलचा पेंटियम मार्च १९९३ मध्ये बाजारात आला, तेव्हा एकच आराखडा ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ अशा दोन वेगांत विकला गेला होता. या प्रतवारीचा फायदा हौशी लोकांनी सर्वांत गाजावाजा करून उठवला तो १९९८ मध्ये आलेल्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरच्या बाबतीत. त्याचा गुणक ४.५ होता आणि तो बदलता येत नसे, पण मदरबोर्डचा मूळ ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० वर चाले, आणि पुष्कळ नमुने तेथे खरोखरच टिकत. निदानाच्या दृष्टीने त्या काळातील दुसरा अनुभव अधिक मोलाचा आहे. मूळ ठेका मधल्या ७५ किंवा ८३ मेगाहर्ट्झवर ठेवला तर त्याच ठेक्यावर भागाकाराने चालणारी पीसीआय ही जोडवाहिनी ३३ ऐवजी ३७.५ किंवा ४१.५ मेगाहर्ट्झने धावू लागे आणि प्रोसेसर ठणठणीत असूनही हार्ड डिस्कवरील माहिती बिघडे. दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो असे नाही, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. आजही मूळ ठेक्याला हात न लावता केवळ गुणक वाढवावा असे सांगितले जाते त्याचे कारण हेच.

आता उष्णतेचा हिशेब. प्रोसेसरची चल शक्ती, म्हणजे ट्रान्झिस्टर पलटण्यात खर्च होणारी वीज, वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.५ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर नेला. वेग ११ टक्के वाढला, व्होल्टेजचा वर्ग सुमारे २७ टक्के वाढला, आणि दोहोंचा गुणाकार केला तर उष्णतेत जवळजवळ ४० टक्क्यांची भर पडली. याशिवाय तापलेल्या सिलिकॉनमधून काम न करताही झिरपणारा प्रवाह वाढतो तो वेगळाच. अकरा टक्के वेगासाठी ४० टक्के उष्णता हा सौदा थंड प्रदेशात कदाचित परवडेल, परंतु हवेने किंवा पाण्याने थंड होणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातील फरक ठरवतो. हा फरक पूर्ण भाराला ६० अंशांचा असेल तर २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८२ अंशांवर राहील आणि सिल्वासातील मे महिन्याच्या दुपारी, ३६ अंशांच्या बंद खोलीत, तोच ९६ वर जाईल. बहुतेक अलीकडच्या प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान असते आणि तेथे पोहोचताच ते स्वतःचा वेग आपोआप उतरवतात. म्हणजे जानेवारीच्या रात्री कष्टाने शोधलेला वेग मे महिन्यात एकतर कोसळतो किंवा नावापुरता उरतो. आकडा ५ गिगाहर्ट्झचा दिसतो आणि प्रत्यक्षात प्रोसेसर दर काही क्षणांनी माघार घेत असतो. दुर्दैवाने या माघारीला कोणी अस्थिरता म्हणत नाही, म्हणून ती महिनोन्महिने लक्षातही येत नाही.

अस्थिर संगणकाच्या निदानाची पहिली पायरी हौशी मंडळींना सर्वांत नकोशी वाटते: सर्व मूल्ये मूळ स्थितीवर आणून पाहणे. बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना मदरबोर्डवर सर्वप्रथम चालणारी व्यवस्था, हिच्यात मूळ मूल्ये परत आणण्याचा पर्याय असतोच; वाढवलेल्या वेगामुळे पडद्यावर काहीच उमटत नसेल तर वीज पूर्ण बंद करून मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल काही मिनिटे काढून ठेवला किंवा त्यासाठी दिलेल्या दोन पिना क्षणभर जोडल्या की तेच साधते. मूळ वेगावरही संगणक कोसळत असेल तर दोष ओव्हरक्लॉकिंगचा नाही आणि पुढचे सारे प्रयोग व्यर्थ आहेत. येथे एक बारकावा आहे. रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग बहुधा बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्सपो नावाचा पर्याय चालू केल्यावरच मिळतो, आणि हा पर्यायसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच होय, कारण तो रॅमला व प्रोसेसरमधील स्मृति-नियंत्रकाला त्यांच्या प्रमाणित वेगापलीकडे नेतो. 'प्रोसेसरला हात लावलेला नाही, तरी संगणक हँग होतो' अशा तक्रारींच्या मुळाशी हा पर्याय अनेकदा सापडतो. म्हणून प्रोसेसर तपासताना रॅम प्रमाणित वेगावर आणि रॅम तपासताना प्रोसेसर मूळ वेगावर ठेवावा. दोन्ही एकाच वेळी वाढवून चाचणी घेणाऱ्याला अपयश आले तर काहीच कळत नाही, आणि यश आले तरी ते कशामुळे, हेही कळत नाही.

लक्षणांवरून काही अंदाज बांधता येतात, त्यांना पुरावा मात्र समजू नये. संगणक भाराखाली असताना निळा पडदा न दाखवता एकदम काळा होऊन बंद पडला तर संशय वीजपुरवठ्याच्या पेटीवर, म्हणजे एसएमपीएसवर, किंवा तापमानाच्या अंतिम संरक्षक मर्यादेवर जातो. भार सुरू होताच काही सेकंदांत निळा पडदा आला तर व्होल्टेज अपुरे असण्याची शक्यता अधिक. तोच वीस-पंचवीस मिनिटांनी आला तर उष्णता हळूहळू साठत गेली असे समजावे, आणि अशा वेळी प्रोसेसरबरोबरच त्याला वीज पुरवणारा मदरबोर्डवरील भागही तपासावा, कारण पाण्याच्या कूलरमुळे प्रोसेसरभोवतालची हवा खेळती राहत नाही आणि तो भाग उघड्यावर तापत राहतो. संगणक कोसळत नाही, पण एखादा ब्राउझर किंवा खेळ अधूनमधून बंद पडतो, दाबून ठेवलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल उघडताना बिघडलेली निघते, अशा वेळी रॅम किंवा अगदी थोडेसे कमी पडणारे व्होल्टेज दोषी असू शकते. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते आणि तिच्यात व्हीया-लॉगर या नावाने हार्डवेअरच्या चुका टिपल्या जातात. त्यांतील १९ क्रमांकाची नोंद दुरुस्त केल्या गेलेल्या चुकीची आणि १८ क्रमांकाची दुरुस्त न होऊ शकलेल्या चुकीची असते, आणि पुष्कळदा प्रोसेसरचा कोणता गाभा, म्हणजे कोअर, चुकला हेही तेथून समजते. संगणक वरकरणी सुरळीत चालत असताना १९ क्रमांकाच्या नोंदी साठत असतील तर तो स्थिर नाही, तो केवळ सावरून घेतो आहे. उलट ४१ क्रमांकाच्या नोंदीने पुष्कळजण घाबरतात, पण तिचा अर्थ संगणक व्यवस्थित बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढाच असतो. कारण ती सांगत नाही.

लक्षण किती फसवे असू शकते याचे अलीकडचे मोठे उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या प्रतीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. अनेक वापरकर्त्यांना खेळ सुरू करताना ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी असल्याचा संदेश दिसत असे, आणि साहजिकच कित्येकांनी ग्राफिक्स कार्डच बदलून पाहिले. प्रत्यक्षात खेळातील दाबून ठेवलेली माहिती उलगडताना प्रोसेसर चुकत होता आणि त्या चुकीच्या माहितीमुळे भलताच संदेश उमटत होता. २०२४ मध्ये इंटेलने याचे कारण जाहीर केले. प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता आणि त्या व्होल्टेजमुळे व तापमानामुळे गाभ्यातील क्लॉक वाहून नेणारे मंडल कालांतराने खालावत होते, त्यामुळे प्रोसेसरला पूर्वी पुरत असलेले किमान व्होल्टेज पुढे अपुरे पडू लागे. कंपनीने मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञासंचाच्या, सुधारित आवृत्त्या दिल्या आणि या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. मात्र एकदा खालावलेला भाग या सुधारणांनी पूर्ववत होत नाही. ज्यांनी ओव्हरक्लॉकिंग मुळीच केले नव्हते तेही या प्रकरणात सापडले, यावरून जादा व्होल्टेजचे परिणाम किती दूरगामी असतात याची कल्पना यावी.

चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांत प्राइम९५ हा प्रोग्राम सर्वांत जुन्यांपैकी आहे आणि त्याची कूळकथा रंजक आहे. मर्सेन मूळ संख्या नावाच्या विशिष्ट संख्या शोधण्यासाठी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी जगभरच्या संगणकांना जोडणारा एक उपक्रम सुरू केला. त्यातील एकेक गणित दिवसेंदिवस चालत असल्यामुळे आणि मध्येच झालेली एखादी चूक सारे श्रम वाया घालवत असल्यामुळे, प्रोग्राममध्ये उत्तरे पडताळण्याची सोय होती. हौशी मंडळींनी तीच सोय प्रोसेसर तपासण्यासाठी उचलली. लहान आकाराची गणिते प्रोसेसरच्या आतल्या कॅश स्मृतीत मावतात आणि त्याला कमालीचे तापवतात, मोठी गणिते रॅमलाही कामाला लावतात, म्हणून पहिल्या प्रकारात नापास आणि दुसऱ्यात पास, किंवा याच्या उलट, असा निकाल स्वतःच एक निदान असतो. केवळ रॅमसाठी विंडोजच्या बाहेर चालणारा मेमटेस्ट८६ अधिक विश्वसनीय आहे. पण कमाल भाराची चाचणी रात्रभर टिकली की काम संपले, हा समज बरोबर नाही. आजचे प्रोसेसर हलक्या कामाच्या वेळी एखाद-दुसऱ्या गाभ्याचा वेग सर्वांत वर नेतात आणि त्याच क्षणी व्होल्टेजही झपाट्याने बदलत असतात. त्यामुळे तासन्‌तास जड गणित करणारा संगणक नुसते वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडून ठेवल्यावर बंद पडतो, आणि व्होल्टेज कमी करून पाहणाऱ्यांच्या वाट्याला हा अनुभव विशेष येतो. अशा वेळी एकेका गाभ्यावर आळीपाळीने भार टाकणारी चाचणी घ्यावी लागते.

व्होल्टेजच्या बाबतीत आणखी एक गुंता समजून घेतला पाहिजे. बायोसमध्ये १.३० व्होल्ट लिहिले म्हणजे प्रोसेसरला सदैव तेवढेच मिळतात असे नाही. पूर्ण भाराला प्रोसेसर १५० ते २०० अँपिअर प्रवाह ओढतो, आणि वाटेतील रोध अवघा एक मिलिओहम धरला तरी १५० अँपिअरला ०.१५ व्होल्टची घट येते. ही घट आराखड्यातच धरलेली असते, कारण भार अचानक उतरला की व्होल्टेज उसळी मारते आणि त्या उसळीला वर जागा हवी असते. लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाचा पर्याय ही घट भरून काढतो. तो अगदी कमी ठेवला तर भाराखाली व्होल्टेज अपुरे पडते, आणि कमालीला नेला तर भार उतरण्याच्या क्षणी प्रोसेसरवर मर्यादेबाहेरचे व्होल्टेज येते, जे इतके अल्पकालीन असते की पडद्यावरचे मोजमाप ते दाखवतसुद्धा नाही. मधली पातळी निवडणे आणि भाराखाली प्रत्यक्षात किती व्होल्ट उरतात हे पाहूनच निर्णय घेणे शहाणपणाचे. या पर्यायाची सर्वांत वरची पातळी मदरबोर्डच्या जाहिरातीसाठी असते असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

या साऱ्या सूक्ष्म हिशेबाच्या मागे घरातली वीज असते, आणि तिचा विचार परदेशी मार्गदर्शनात जवळजवळ नसतोच. दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव या एकत्रित केंद्रशासित प्रदेशातील वीजवितरण १ एप्रिल २०२२ पासून टॉरेंट पॉवरचे ५१ टक्के भागभांडवल असलेली कंपनी पाहते. परंतु मीटरनंतरची वायरिंग, सैल झालेले सॉकेट आणि नसलेले अर्थिंग ही घरमालकाचीच बाब राहते. चांगला एसएमपीएस २३० व्होल्टमध्ये बरेच चढउतार झाले तरी आतला १२ व्होल्टचा पुरवठा प्रमाणित पाच टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे ११.४ ते १२.६ दरम्यान, राखतो, आणि वीज क्षणभर गेली तर आतल्या कपॅसिटरमधील साठ्यावर काही मिलिसेकंद निभावतो. हे निभावणे भारावर अवलंबून असते. ओव्हरक्लॉक केलेला संगणक अधिक वीज ओढतो, साठा लवकर संपतो, आणि शेजारी मोठी मोटर सुरू होताना दिव्यांची जी केवळ उघडझाप दिसते तीच संगणक पुन्हा सुरू होण्यास पुरते. मालक मात्र बायोसमध्ये जाऊन व्होल्टेज वाढवत बसतो. याहून अधिक वेळा आढळणारा प्रकार घरगुती इन्व्हर्टरचा आहे. पंखे आणि दिवे चालवण्यासाठी घेतलेले स्वस्त इन्व्हर्टर आणि यूपीएस शुद्ध साइन लहर न देता चौकोनी किंवा पायऱ्यांची लहर देतात, आणि सक्रिय पॉवर फॅक्टर दुरुस्ती असलेले कित्येक चांगले एसएमपीएस अशा लहरीवर जाताना, विशेषतः जास्त भार असताना, बंद पडतात. संगणक इन्व्हर्टरवर जातानाच कोसळतो का, हे एकदा मुद्दाम मुख्य स्विच बंद करून पाहिले तर आठवडाभराची शोधाशोध वाचते. शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस महाग असतो खरा, पण ज्याने वेगासाठी महागडा मदरबोर्ड घेतला त्याने यूपीएसवर काटकसर करावी हे विचित्रच.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. हवेतील बाष्प ज्या तापमानाला पाण्याच्या रूपाने साचू लागते त्याला दवबिंदू म्हणतात, आणि दक्षिण गुजरात व उत्तर कोकणाच्या किनारपट्टीलगत जुलैमध्ये तो २५ अंशांच्या आसपास असतो. नेहमीचा हवेचा किंवा पाण्याचा कूलर खोलीच्या तापमानाखाली जात नसल्यामुळे त्यावर दव साचत नाही; परंतु बर्फाचे पाणी, पेल्टियर पट्टी किंवा थेट वातानुकूलकाचा झोत असे उपाय करून प्रोसेसरचा भाग २५ अंशांखाली नेला की मदरबोर्डवर पाण्याचे थेंब जमू लागतात. विक्रम करणारे लोक उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन किंवा त्याहून थंड द्रव हेलियम वापरतात (९ गिगाहर्ट्झचा टप्पा २०२२ मध्ये हेलियमच्याच साहाय्याने ओलांडला गेला), पण त्याआधी ते संपूर्ण मदरबोर्डला दवरोधक लेप व आवरण देतात आणि त्यांचा संगणक काही मिनिटेच चालायचा असतो. धुळीचे म्हणाल तर कारखान्यांच्या आणि बांधकामांच्या परिसरात हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ व धाग्यांचे तंतू मिळून जाड थर बसतो, दमट हवेत तो चिकटून राहतो, आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधील थर्मल पेस्टही वारंवार तापण्या-निवण्याने कडांकडे सरकते. काही महिन्यांपूर्वी स्थिर असलेला संगणक आता कोसळत असेल तर बायोस उघडण्याआधी कॅबिनेट उघडावे.

कोसळणारा संगणक किमान आपली चूक जाहीर करतो. न कोसळता चुकणारा संगणक अधिक घातक असतो. २०२१ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी, आणि त्याच वर्षी फेसबुकच्या अभियंत्यांनीही, आपापल्या प्रचंड संगणक-केंद्रांत असे प्रोसेसर आढळल्याचे मांडले की जे कोणतीही सूचना न देता अधूनमधून चुकीची उत्तरे देत होते. गुगलच्या मते काही हजार यंत्रांमागे असे मोजके गाभे निघत होते. हे प्रोसेसर कारखान्यातून आलेल्या वेगावरच चालत होते. घरच्या संगणकावर दुकानाचे हिशेब, मुलांची छायाचित्रे किंवा प्रबंधाची आकडेवारी असेल तर काठावरच्या वेगाने चालवणे म्हणजे अशा मूक चुकांची शक्यता स्वतःहून वाढवणे होय, आणि केवळ खेळासाठी असलेल्या संगणकाला लावलेला निकष तेथे लागू करता येत नाही. मोठ्या गणनेच्या क्षेत्रात म्हणूनच वेगाचा मार्ग वेगळा राहिला आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तो अनेक प्रोसेसर समांतर जोडून. एकेका प्रोसेसरला त्याच्या मर्यादेपलीकडे ताणण्याची तेथे गरजही नव्हती आणि ते परवडणारेही नव्हते.

सेलेरॉनच्या दिवसांत ५० टक्के वेग फुकट मिळत असे; आजच्या प्रोसेसरांत तशी शिल्लक उरलेली नाही, कारण तापमान व वीज यांची मर्यादा पाहून ते स्वतःच क्षणोक्षणी जमेल तितका वेग घेतात. सिल्वासासारख्या ठिकाणी तर याच्या उलट मार्ग बहुधा अधिक फलदायी ठरतो. गुणक तसाच ठेवून व्होल्टेज अगदी थोडे, एकावेळी ०.०१ ते ०.०२ व्होल्ट, कमी करत गेले तर उष्णता वर्गाच्या प्रमाणात घटते आणि उष्णतेमुळे माघार घेणारा प्रोसेसर तोच वेग अधिक काळ टिकवतो; म्हणजे उन्हाळ्यात प्रत्यक्षात मिळणारा वेग वाढतो. यालाही स्थिरतेच्या त्याच चाचण्या लागू आहेत, फक्त अशा वेळी चूक झाली तरी प्रोसेसरची झीज होत नाही.

झीज आणि ऋतुमान यांच्यात फरक करणे हा निदानाचा शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो स्मरणशक्तीवर सोडता येत नाही. प्रत्येक बदलाबरोबर गुणक, व्होल्टेज, भाराखालचे तापमान, चाचणीचा कालावधी आणि खोलीचे तापमान महिन्यासकट वहीत टिपलेले असेल, तरच पुढे दोन वर्षांनी तुलना शक्य होते. ठरावीक मूल्यांवर एप्रिल-मे महिन्यांत कोसळणारा आणि डिसेंबरात सुरळीत चालणारा प्रोसेसर निरोगी आहे. त्याला एक गुणक खाली आणला किंवा कूलर सुधारला की पुरे. परंतु गेल्या मे महिन्यात ज्या मूल्यांवर रात्रभराची चाचणी पार पडली होती त्याच मूल्यांवर, स्वच्छ हीटसिंक आणि नवी पेस्ट असताना, जानेवारीत चुका येऊ लागल्या असतील तर सिलिकॉन खालावले आहे, आणि आता व्होल्टेज वाढवून तो वेग परत मिळवणे म्हणजे झीज आणखी वेगाने ओढवून घेणे होय. अशा प्रोसेसरला आणखी खालच्या वेगावर बरीच वर्षे वापरता येते. तो मूळ वेगावरही, रॅम प्रमाणित वेगावर ठेवून आणि बायोस अद्ययावत करूनही चुकत असेल, तर मात्र खरेदीचे बिल शोधावे. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेल्या नुकसानीला मोठ्या उत्पादकांची हमी लागू होत नाही, त्यामुळे वहीतील जुन्या नोंदी त्या वेळी मालकाच्या बाजूने बोलतील की विरुद्ध, हे त्याने त्या कशा भरल्या यावर अवलंबून राहील.